वंशावरून सजीवांचे वर्गीकरण कसे करावे: टप्पे, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

मगर पालीपेक्षा कावळ्याला जवळची आहे, हे विधान आता शाळा-महाविद्यालयांतल्या तक्त्यांवरही दिसते. आणि पुष्कळदा त्याच तक्त्यावर मगर व पाल ‘सरीसृप’ या एका चौकटीत आणि कावळा शेजारच्या ‘पक्षी’ या चौकटीत असतो. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवणाऱ्याकडे माहिती कमी नसते, त्याच्याकडून कामाचा क्रम चुकलेला असतो. वंशवृक्ष वाचणे, गट तोडणे, गटाला दर्जा देणे आणि नाव ठेवणे ही चार वेगळी कामे आहेत, आणि त्यांपैकी फक्त पहिल्याचे उत्तर पुराव्यातून थेट मिळते. बाकीची तीन कामे करताना आपण निर्णय घेत असतो, आणि तो निर्णय निसर्गाने सांगितल्यासारखा लिहिला की तत्त्वज्ञानातले जुने प्रश्न आपल्या तक्त्यात चोरपावलांनी शिरतात.

पुढील टप्पे पदव्युत्तर विद्यार्थी, जीवशास्त्राचे शिक्षक आणि आपापल्या परिसरातील वनस्पती-प्राण्यांच्या याद्या करणारे अभ्यासक यांच्यासाठी आहेत. क्रम बदलू नये, कारण बहुतेक चुका पुढचा टप्पा आधी उरकल्याने होतात.

तयारी

एक वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यावर ‘आढळले’ असे लिहावे, उजव्यावर ‘ठरवले’. यापुढे कोणतेही विधान नोंदवताना ते कोणत्या रकान्यात जाते हे आधी ठरवावे. ‘मगर आणि कावळा यांचा अखेरचा समान पूर्वज मगर आणि पाल यांच्या अखेरच्या समान पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे’ हे डाव्या रकान्यातले विधान आहे. ते खरे किंवा खोटे ठरू शकते. ‘कावळ्याला सरीसृपांत घ्यावे’ हे उजव्या रकान्यातले आहे. ते सोयीचे, सुसंगत किंवा गैरसोयीचे असू शकते, पण निरीक्षणाने खोटे पडत नाही. ही साधी शिस्त पाळली तर पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

दुसरी तयारी शब्दांची. या लेखात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. अनेक मराठी लेखांत प्रजाती हा शब्द स्पीशीजसाठी वापरलेला असतो. कोणताही अर्थ घ्यावा, पण वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवावा आणि मध्येच बदलू नये.

तिसरी तयारी गटांचे तीन प्रकार पक्के करण्याची. अनेक मराठी घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले असतात, त्यावरून हे प्रकार चटकन लक्षात येतात. मूळ पुरुषाचे सगळेच्या सगळे वंशज नोंदवले, तर तो एकवंशी म्हणजे मोनोफायलेटिक गट. यालाच क्लेड म्हणतात. लग्न होऊन गेलेल्या लेकींची मुलेबाळे वगळली, तर मूळ तेच राहते पण वंशज अपुरे होतात. हा अपूर्णवंशी म्हणजे पॅराफायलेटिक गट. आणि आडनाव एकच म्हणून वेगवेगळ्या मूळ पुरुषांची घराणी एकाच पुस्तकात बांधली, तर तो बहुवंशी म्हणजे पॉलिफायलेटिक गट. जुन्या अर्थाचे सरीसृप अपूर्णवंशी आहेत, कारण त्यांतून पक्षी ही एक शाखा वगळलेली आहे. उडणारे उष्ण रक्ताचे प्राणी म्हणून वटवाघळे आणि पक्षी एकत्र केले, तर तो गट बहुवंशी होईल.

सरावासाठी पुढचे सहा प्राणी घ्यावेत: पाल, घोरपड, नाग, मगर, कावळा आणि तुलनेसाठी बेडूक.

टप्पा १: वर्गीकरण कशासाठी हवे, ते एका वाक्यात लिहा

वंश हा वर्गीकरणाचा एकमेव वैध आधार आहे, असे गृहीत धरून कामाला लागणे ही पहिली चूक. वेल, झुडूप आणि वृक्ष ही विभागणी वंशाच्या दृष्टीने विस्कळीत आहे, तरीही जंगलाच्या थरांचा अभ्यास करणाऱ्याला तीच लागते. मासेमारीच्या नियमांना ‘मासे’ हा गट पुरेसा असतो. मात्र फुफ्फुसमासा हा रावसापेक्षा गाईला जवळचा असल्यामुळे ‘मासे’ हा गट अपूर्णवंशी आहे, आणि जबड्याची किंवा फुफ्फुसांची उत्क्रांती शोधायला निघालेल्याची तो दिशाभूल करील.

म्हणून वहीत असे वाक्य हवे: ‘हे वर्गीकरण समान वंशाची माहिती साठवण्यासाठी आहे, अधिवास, उपयोग किंवा दिसणे यांसाठी नाही.’ हे वाक्य उजव्या रकान्यात जाते. तो आपला निर्णय आहे, आणि त्याचे समर्थन देता येते: वंशावर आधारलेल्या गटात एका सदस्याविषयी नवे काही कळले तर उरलेल्यांविषयी वाजवी अंदाज बांधता येतो, कारण त्यांच्यात जे समान आहे त्याचा मोठा भाग एकाच ठिकाणाहून आलेला असतो.

> तपासणी: तुमच्या यादीत ‘सपुष्प वनस्पती’, ‘जलचर’ आणि ‘औषधी’ असे तीन मथळे एकाच पातळीवर आहेत का? असतील तर तुम्ही तीन प्रश्नांची उत्तरे एका यादीत कोंबली आहेत. थांबा आणि याद्या वेगळ्या करा.

टप्पा २: घटक ठरवा

वंशवृक्षाच्या (यापुढे ‘झाड’) टोकाला काय लिहायचे? ‘जाती’ असे उत्तर सगळे देतात आणि पुढे जातात. येथे थांबणे आवश्यक आहे, कारण जातीच्या अनेक व्याख्या वापरात आहेत आणि त्या नेहमी एकच यादी देत नाहीत. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेली व्याख्या आपापसांत प्रजनन करणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननदृष्ट्या विलग असलेल्या समूहांना जाती मानते. ती अलैंगिक सजीवांना लागू पडत नाही आणि जीवाश्मांवर तपासता येत नाही. दुसरी व्याख्या वेगळे ओळखता येणाऱ्या सर्वांत लहान वंशशाखेला जाती मानते; ती सर्वत्र लागू होते, पण तिच्यामुळे जातींची संख्या सहसा वाढते. संवर्धनाच्या याद्या जातींवर चालत असल्यामुळे व्याख्या बदलली की संरक्षित गोष्टींची यादीही बदलते, त्यामुळे ही निवड निरुपद्रवी नाही.

तिबेटच्या पठाराभोवती वस्ती करणारा ग्रीनिश वॉर्बलर हा चिमुकला पक्षी येथे उपयोगी पडतो. त्याचा पश्चिमेकडील प्रकार हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीतही येतो. मध्य सायबेरियात त्याचे दोन प्रकार शेजारी राहतात, त्यांची गाणी वेगळी आहेत आणि ते एकमेकांशी प्रजनन करत नाहीत. पण एका प्रकारापासून निघून हिमालयाच्या बाजूने पठाराला वळसा घालत गेले, तर गाणे थोडे थोडे बदलत दुसऱ्या प्रकारापर्यंत पोहोचते. टोकांवर पाहिले तर जाती दोन, साखळीवरून चालत गेले तर रेघ नेमकी कुठे ओढावी हे सांगता येत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासात ही साखळी पूर्वी मध्ये तुटली होती आणि टोकांच्या प्रकारांत थोडी जनुकीय देवाणघेवाणही झाली होती असे आढळले. त्यामुळे उदाहरण गुंतागुंतीचे झाले, पण रेघेचा प्रश्न तसाच उरला.

घटकाचा प्रश्न स्वयंपाकघरातही सापडतो. गोड्या मसाल्यातले दगडफूल हे लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल किंवा सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) यांचे सहजीवन. त्याचा ‘वंश’ कोणाचा? नामकरणाच्या नियमांनी उत्तर देऊन टाकले आहे: लायकेनला दिलेले शास्त्रीय नाव त्यातील बुरशीचे मानायचे. उपयुक्त नियम, पण तो उजव्या रकान्यातला आहे.

जातीविषयीचा आणखी एक निर्णय पुढच्या सगळ्या टप्प्यांवर परिणाम करतो. जीवशास्त्रज्ञ मायकेल घिसेलिन यांनी १९७४ मध्ये आणि त्यांच्यानंतर तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी असा युक्तिवाद केला की, जाती हा समान गुणांनी बांधलेला वर्ग नाही. ती काळात सुरू होणारी, टिकणारी आणि संपणारी एक ऐतिहासिक वस्तू आहे, आणि प्रत्येक जीव तिचा भाग आहे. सोने कुठेही निर्माण झाले तरी सोनेच असते, कारण ते अणूच्या रचनेने ठरते. वाघ मात्र नष्ट झाले आणि दुसऱ्या कुठल्या तरी वंशातून हुबेहूब वाघासारखा प्राणी निर्माण झाला, तर या मतानुसार तो वाघ नसेल. सर्व तत्त्वज्ञ हे मत मानत नाहीत, पण वंशावरून वर्गीकरण करणाऱ्याने मोठ्या गटांबाबत हीच भूमिका घेतलेली असते. नाग चतुष्पाद प्राण्यांच्या क्लेडमध्ये आहे तो पाय असल्यामुळे नाही, चार पायांच्या पूर्वजाचा वंशज असल्यामुळे. लक्षण हा वंशाचा पुरावा असतो. सदस्यत्वाची अट नसते.

> सावधान: ‘नागाला पाय नाहीत, मग तो चतुष्पाद कसा?’ हा प्रश्न वर्गात येणारच. उत्तर देताना अपवादांची यादी देऊ नका. पुरावा आणि अट यांतला फरक सांगा.

टप्पा ३: लक्षणे निवडा आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा.

पहिला प्रश्न: हे दोन अवयव काय म्हणून समजात आहेत, म्हणजे समान पूर्वजाच्या एकाच अवयवातून आलेले आहेत? वटवाघळाचा पंख आणि कावळ्याचा पंख समजात आहेत का, असे विचारले तर ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. पुढचा पाय म्हणून ते समजात आहेत. दोन्हींत दंडाचे हाड, कोपर आणि मनगट त्याच क्रमाने सापडते. पंख म्हणून ते समजात नाहीत. वटवाघळाच्या पंखाचा पडदा लांब बोटांवर ताणलेला आहे, तर कावळ्याच्या पंखाचे पृष्ठ पिसांचे आहे आणि बोटे आखडलेली आहेत. तक्त्यात नुसते ‘पंख: आहे’ असे लिहिले तर झाड बांधण्यापूर्वीच उत्तर बिघडते.

दुसरा प्रश्न: हे साम्य नवे की जुने? जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांच्या पद्धतीचा कणा हाच आहे. समान पूर्वजात नव्याने उपजलेले आणि त्याच्या वंशजांत उतरलेले लक्षणच जवळीक दाखवते. त्याआधीपासून चालत आलेले लक्षण काहीच दाखवत नाही. नवे-जुने ओळखण्यासाठी बाह्यगट, म्हणजे अभ्यासातल्या गटाबाहेरचा तुलनेचा नातलग, लागतो, आणि आपल्या सरावात ते काम बेडकाकडे आहे.

आता वहीत प्रत्यक्ष पाहू. पाल, घोरपड आणि मगर यांना चार पाय आहेत, बेडकालाही आहेत. म्हणजे चार पाय जुने, आणि या तिघांना एकत्र बांधायला निरुपयोगी. तिघेही शीत रक्ताचे आहेत, बेडूकही आहे. हेही जुने. पाल, घोरपड आणि नाग यांच्या हृदयात निलय पूर्ण विभागलेले नाही, बेडकाचेही नाही. पुन्हा जुने. मगरीचे आणि कावळ्याचे हृदय मात्र पूर्ण चार कप्प्यांचे आहे, आणि बेडकाच्या तुलनेत हे नवे आहे. ‘सरीसृप’ या ओळखीच्या चित्रातली लक्षणे एकेक करून अशी गळत जातात, आणि जे उरते ते मगरीला कावळ्याकडे नेते. मगर पालीसारखी दिसते याचे कारण एवढेच, की पक्ष्यांची शाखा फार बदलली आणि या दोघी त्या मानाने कमी बदलल्या.

पण चार कप्प्यांवर लगेच शिक्कामोर्तब करू नये. सस्तन प्राण्यांचे हृदयही चार कप्प्यांचे आहे, आणि ते स्वतंत्रपणे विकसित झालेले आहे. घोरपड आणि नाग या दोघांची जीभ टोकाशी दुभंगलेली असते. आकर्षक पुरावा वाटतो, परंतु सरड्यांच्या दूरच्या शाखांतही अशी जीभ आढळते. एकट्या लक्षणाचा शब्द अंतिम मानू नये. घोरपड पालीपेक्षा नागाला जवळची आहे हा निष्कर्ष डीएनएमधील असंख्य स्थानांच्या एकत्रित साक्षीवर उभा आहे, जिभेवर नाही.

येथेच चक्राकार युक्तिवादाचा जुना आक्षेप येतो: समजात अवयवांवरून झाड बांधायचे, आणि समजात कोणते ते झाडावरून ठरवायचे? आक्षेप गंभीर आहे, पण क्रम पाळल्यास त्याला उत्तर आहे. झाड बांधण्यापूर्वी शरीरातील स्थान, अंतर्गत रचना आणि भ्रूणातील वाढ यांवरून समजाततेचा फक्त अंदाज मांडावा. मग अनेक लक्षणांचे अंदाज एकत्र तपासावेत. जे अंदाज बहुसंख्य इतर लक्षणांशी जुळतात ते टिकतात, जे एकटे पडतात ते सोडावे लागतात. आधी अंदाज आणि मग परीक्षा असा क्रम असेल, तर ते वर्तुळ राहत नाही.

> तपासणी: ज्या लक्षणाची उत्क्रांती तुम्हाला अभ्यासायची आहे, तेच लक्षण झाड बांधताना वापरले आहे का? वापरले असेल, तर ते वगळून झाड पुन्हा बांधा. उत्तर बदलले तर तुमचा निष्कर्ष तुम्हीच आत ठेवून बाहेर काढला आहे.

टप्पा ४: झाड बांधा किंवा छापील झाड वाचा

पाच टोकांची मुळासह १०५ वेगवेगळी झाडे होऊ शकतात. दहा टोकांची ३,४४,५९,४२५. सगळी डोळ्यांनी तपासणे अशक्य असल्याने निवडीचा नियम लागतो, आणि प्रत्येक नियमाच्या पोटात एक गृहीतक असते.

काटकसरीचा नियम कमीत कमी बदल मागणारे झाड निवडतो. निसर्ग काटकसरी असतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. हा नियम एवढेच सांगतो की, पुराव्याने भाग पाडल्याशिवाय जास्तीचे बदल मानू नयेत. जीवशास्त्रज्ञ जोसेफ फेल्सेनस्टीन यांनी १९७८ साली दाखवले की, काही शाखांत बदलाचा वेग फार जास्त असेल तर हा नियम त्या वेगवान शाखांना खोटेपणाने एकत्र आणतो, आणि अशा स्थितीत माहिती वाढवली तर चूक अधिकच ठाम होते. संभाव्यतेवर चालणाऱ्या पद्धती हा धोका कमी करतात, पण त्यांना डीएनए कसा बदलतो याचे प्रारूप आधीच द्यावे लागते. म्हणून ‘संगणकाने झाड दिले’ हे वाक्य वहीत नको. ‘या प्रारूपानुसार, या माहितीवरून’ असे हवे.

पुरावे एकमेकांशी भांडतात तेव्हा काय करावे, याचा धडा आपल्या नद्यांतली घडियाल देते. कवटी आणि सांगाड्याच्या लक्षणांवरून घडियालीची शाखा इतर सर्व जिवंत मगरींपासून सर्वांत आधी वेगळी झाली असे अनेक दशके मानले जात होते. डीएनए सांगतो की तिचा सर्वांत जवळचा नातलग आग्नेय आशियातील टोमिस्टोमा, म्हणजे खोटी घडियाल, आहे. आज बहुतेक अभ्यासक डीएनएच्या बाजूने आहेत, पण ‘डीएनए नेहमी जिंकतो’ असा नियम यातून काढू नये. कोणत्या लक्षणांनी फसवले, ती परतून आलेली जुनी लक्षणे होती का, आणि जीवाश्मांची मांडणी नव्याने जुळते का, हे विचारल्यावरच वाद मिटला असे म्हणता येते.

झाड वाचताना तीन चुका वारंवार होतात. टोके कोणत्या क्रमाने छापली आहेत याला अर्थ नसतो. कोणताही फाटा स्वतःभोवती फिरवला तरी नाते तेच राहते, त्यामुळे शेजारी छापलेले दोन प्राणी जवळचे असतीलच असे नाही. दोन टोकांमधले फाटे मोजून जवळीक ठरत नाही. ती अखेरचा समान पूर्वज किती अलीकडचा यावरच ठरते. आणि सर्वांत चिवट चूक शिडीची: लवकर फुटलेल्या शाखेचा जिवंत सदस्य हा इतरांचा पूर्वज समजणे. अंडी घालणारा प्लॅटिपस आपला पूर्वज नाही. त्याची शाखा आपल्या शाखेइतकाच काळ उत्क्रांत होत आली आहे, आणि तिच्यात विषारी काटा आणि विद्युतसंवेदी चोच यांसारखी खास लक्षणेही आहेत. ‘आदिम’ हा शब्द लक्षणाला लावावा, प्राण्याला लावू नये.

टप्पा ५: जनुकांचे झाड आणि जातींचे झाड वेगळे ठेवा

हा टप्पा घाईत गाळला जातो. एका जनुकावरून बांधलेले झाड हा त्या जनुकाचा इतिहास असतो, जातीचा असेलच असे नाही. गोरिलाच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा असे आढळले की, सुमारे ३० टक्के भागात माणूस आणि चिंपांझी हे एकमेकांना सर्वांत जवळचे नाहीत. त्या भागात गोरिला त्यांपैकी एकाला अधिक जवळचा आहे. तरीही माणूस आणि चिंपांझी हेच जवळचे नातलग आहेत, हा निष्कर्ष पक्का आहे. मेळ असा लागतो: समान पूर्वजांच्या समूहात एकाच जनुकाची अनेक रूपे नांदत होती, समूह दोनदा लागोपाठ फुटला, आणि कोणते रूप कोणत्या शाखेत टिकले हे प्रत्येक जनुकापुरते वेगळे ठरले.

मग ‘वंश’ नेमका कोणाचा मोजायचा, जनुकाचा, जीवाचा की समूहाचा? माझे स्पष्ट मत असे की, लैंगिक प्रजनन करणाऱ्या प्राण्यांबाबत समूहाचा वंश हेच उत्तर घ्यावे आणि तसे उजव्या रकान्यात लिहावे. जिवाणूंबाबत तेही सहज जमत नाही. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके प्लास्मिडवाटे (जिवाणूतील डीएनएच्या लहान, स्वतंत्र वर्तुळांवाटे) एका जातीतून दुसऱ्या दूरच्या जातीत जातात, त्यामुळे एकाच पेशीतल्या जनुकांचे पूर्वज वेगवेगळ्या वंशांत सापडतात. कुलवृत्तांताची उपमा येथे संपते. अशा ठिकाणी एकच झाड काढायचे असेल, तर ते जनुकांच्या कोणत्या गाभ्यावरून काढले हे आकृतीखाली लिहिलेच पाहिजे.

> तपासणी: तुमच्या हातातले झाड किती जनुकांवर आधारलेले आहे? केवळ मायटोकाँड्रियातील डीएनएवर असेल, तर ते फक्त मातेकडून चालत आलेल्या एका धाग्याचे झाड आहे. त्यावरून जातीची सीमा बदलू नका.

टप्पा ६: गट तोडा

झाड पक्के झाल्यावरच कात्री हातात घ्यावी. चाचणी सोपी आहे: एका जागी फांदी कापली तर तुमचा संपूर्ण गट, आणि फक्त तोच, खाली पडला पाहिजे. पाल, घोरपड, नाग, मगर आणि कावळा हा गट एका कापात येतो. यातून कावळा वगळायचा तर दुसरा काप द्यावा लागतो. पाल आणि घोरपड मिळून ‘सरडे’ असा गट केला आणि नाग बाहेर ठेवला, तरी दोन काप लागतात. म्हणजे नागाला वगळणारे सरडेही अपूर्णवंशीच आहेत. पक्ष्यांबाबत आग्रही असणारे पुष्कळजण हे विसरतात.

मायर आणि त्यांच्या मताचे अभ्यासक अपूर्णवंशी गट ठेवायला तयार होते, कारण त्यांच्या मते पक्ष्यांनी केलेला मोठा बदलही वर्गीकरणात दिसायला हवा. हेनिगच्या अनुयायांचे उत्तर असे की, बदल किती मोठा हे मोजण्याचा सर्वमान्य काटा नाही, तर वंशाच्या फाट्याविषयीचे विधान तपासता येते. मला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते, कारण टप्पा १ मध्ये आपण प्रश्नच वंशाचा निवडला आहे. मात्र मायर यांचा प्रश्न वेगळा होता, एवढ्याने त्यांचे वर्गीकरण चूक ठरत नाही. न चालणारी गोष्ट एकच: एकाच तक्त्यात काही गट वंशाने आणि काही गट बदलाच्या आकाराने तोडणे.

येथे एक खरी तात्त्विक अडचण आहे आणि ती लपवू नये. एका पूर्वज जातीतून दोन जाती निर्माण झाल्या, तर ती पूर्वज जात तिच्या वंशजांशिवाय घेतली की अपूर्णवंशीच ठरते. म्हणजे ‘फक्त एकवंशी गट मान्य’ हा नियम जातींना तंतोतंत लावला, तर कोणतीही पूर्वज जात मान्य करता येणार नाही. हेनिग यांनी यावर संकेत ठरवला की, फाटा फुटला की पूर्वज जात संपली असे मानावे. प्रत्यक्षात मूळ समूह जवळजवळ न बदलता पुढे चालू राहू शकतो आणि त्याच्या कडेचा एखादा लहान समूह वेगळी जात बनू शकतो. म्हणून एकवंशीपणाची अट जातींच्या गटांना लावावी, एकेका जातीला लावू नये, आणि हेही वहीत उजवीकडे नोंदवावे.

> सावधान: जीवाश्माला ‘पूर्वज’ म्हणून फांदीच्या फाट्यावर बसवू नका. त्यालाही टोकावरच ठेवा. आर्किऑप्टेरिक्स हा पिसे असलेला जीवाश्म प्राणी पक्ष्यांच्या उगमाजवळचा आहे असे म्हणता येते; आजच्या पक्ष्यांचा तोच थेट पूर्वज, असे पुराव्याने दाखवता येत नाही.

टप्पा ७: दर्जा आणि नाव सर्वांत शेवटी

कुळ, गण, वर्ग हे दर्जे झाडावर कोठेही लिहिलेले नसतात. कीटकांतले एक कुळ आणि पक्ष्यांतले एक कुळ यांत वय, जातींची संख्या किंवा बदलाचे प्रमाण यांपैकी काहीही समान असण्याची हमी नाही. त्यामुळे ‘या टेकडीवर त्या टेकडीपेक्षा जास्त कुळे, म्हणून विविधता जास्त’ अशी वेगवेगळ्या सजीवगटांतली तुलना करू नये. दर्जे पूर्ण वगळून केवळ क्लेडना नावे देणारी फायलोकोड ही नियमावली २०२० पासून लागू आहे, पण बहुतेक याद्या अजून जुन्या नियमांनीच चालतात.

नावाचा प्रश्न वेगळाच असतो, हे बाभळीने दाखवले. जुन्या अर्थाची अकेशिया ही प्रजाती बहुवंशी ठरली आणि ती किमान पाच प्रजातींत विभागावी लागली. विभागणी पुराव्याची होती. पण ‘अकेशिया’ हे नाव कोणत्या तुकड्याकडे ठेवायचे? रूढ नियमानुसार ते आपल्या बाभळीच्या गटाकडे राहिले असते, कारण प्रजातीची नमुना जाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचे नाव बांधलेले असते ती जाती, बाभूळच होती. परंतु ऑस्ट्रेलियातील गटात हजाराच्या आसपास जाती असल्याने त्यांची नावे बदलणे टाळावे, असा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अर्ध्याहून अधिक मते तो फेटाळण्याच्या बाजूने पडली, पण फेटाळण्यासाठी ६० टक्के मते लागत होती, म्हणून प्रस्ताव टिकला. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेने तो कायम ठेवला. त्यामुळे आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका, खैर सेनेगॅलिया कॅटेचू, आणि कोकणात व गोव्यात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच. येथे मतदान झाले ते वंशावर नव्हे, नावावर. ‘शास्त्रज्ञांनी मतदान करून बाभूळ वेगळी केली’ असे लिहिणारे दोन रकान्यांची गल्लत करतात.

गावातील वनस्पतींची यादी करताना जुने आणि नवे दोन्ही नाव द्यावे. जुन्या वनौषधी-नोंदी आणि वनविभागाच्या याद्या अकेशिया याच नावाने शोधाव्या लागतात.

टप्पा ८: निष्कर्ष लिहिताना

अखेरच्या मजकुरातील प्रत्येक वाक्य दोन रकान्यांशी ताडून पाहावे. ‘पक्षी हे सरीसृप असल्याचे सिद्ध झाले’ असे न लिहिता ‘पक्षी आणि मगरी यांचा अखेरचा समान पूर्वज मगरी आणि पाली यांच्या समान पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे, सरीसृप हा गट एकवंशी ठेवायचा असल्यास त्यात पक्षी घ्यावे लागतात’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण त्यातला ‘असल्यास’ हा शब्द निर्णयाची जागा दाखवतो. ‘मगर जिवंत जीवाश्म आहे’, ‘बेडूक कमी उत्क्रांत आहे’, ‘माणूस चिंपांझीपासून झाला’ ही वाक्ये खोडावीत. तिन्हींत शिडी दडलेली आहे.

आकृतीखाली चार गोष्टी असाव्यात: कोणती माहिती वापरली, कोणत्या नियमाने झाड निवडले, बाह्यगट कोणता घेतला, आणि कोणता फाटा अजून कच्चा आहे. कच्चा फाटा सक्तीने दोन शाखांत दाखवण्यापेक्षा एका बिंदूतून तीन किंवा अधिक शाखा काढाव्यात. त्याखाली ज्या दिवशी झाड तपासले ती तारीख आणि कोणता नवा पुरावा मिळाल्यास हे वर्गीकरण बदलावे लागेल, याची एक ओळ लिहावी. ती ओळ सुचत नसेल, तर टप्पा ३ कडे परत जाऊन लक्षणांचा तक्ता पुन्हा भरावा.